विश्लेषण : माळ्यावरचे घंगाळ, भिंतीवरची घोंगडी... घर सजवताना जुनी वस्तू कशी निवडावी? कायदा काय सांगतो?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडमध्ये सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं'चा गजर होतो आणि मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली माणदेशी कुटुंबे दोन दिवसांसाठी गावच्या घरी येतात. परतताना गाडीच्या डिकीत पूर्वी बाजरी, मटकी, शेंगा असायच्या. आता माळ्यावरचे पितळी घंगाळ, आजीचा पानपुडा, आजोबांची घोंगडीही असते. स्टीलचा जमाना आला तेव्हा अशीच भांडी मोडीच्या भावाने गेली होती. आज तीच शहरातल्या दुकानात 'व्हिंटेज' म्हणून कितीतरी पट किमतीला मिळतात आणि फ्लॅटच्या दिवाणखान्यात त्यांत मनीप्लांट लावला जातो.

शोभेच्या जुन्या वस्तूंचा हा बाजार 2025 मध्ये तीन कारणांनी चर्चेत आला. 22 सप्टेंबर 2025पासून हस्तकलेच्या बहुतेक वस्तूंवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. चांदीने किलोमागे दीड लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे घरोघरची जुनी चांदी आटणीत जाऊ लागली. आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात 47.15 लाख रुपयांना विकत घेऊन ऑगस्टमध्ये मुंबईत आणली, तेव्हा 'आपल्या वस्तू तिकडे गेल्याच कशा' हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. उत्तराचा काही भाग आपल्या माळ्यावरही आहे.

जीएसटी कमी झाला, मग वस्तू स्वस्त झाल्या का?

काही प्रमाणात. कोरीव लाकडी वस्तू, दगडाच्या व धातूच्या मूर्ती, तांब्या-पितळेची भांडी, चित्रे, शिल्पे आणि शंभर वर्षांहून जुन्या संग्राह्य वस्तू आता 5 टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. मात्र हा फायदा दिसतो तो शोरूमच्या बिलावर. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही. माणदेशातला घोंगडी विणणारा किंवा यात्रेत पाल टाकून बसलेला कुंभार या करकपातीच्या बाहेरच आहे.

तरीही बिल महत्त्वाचे आहे, ते दुसऱ्या कारणासाठी. वस्तू कोणाकडून, कधी, काय म्हणून घेतली याचा तो तुमच्याकडचा एकमेव पुरावा असतो. 'जुने पितळी भांडे' असे मोघम लिहून घेण्यापेक्षा वस्तूचे नाव, वजन आणि ती नवी आहे की जुनी, हे बिलावर लिहून मागावे. जुनी म्हणून विकणारा दुकानदार बिलावर 'जुनी' लिहायला तयार नसेल, तर काय समजायचे ते समजावे.

जुने आणि 'जुने केलेले' यात फरक कसा ओळखायचा?

मुरादाबादसारख्या ठिकाणी बनलेल्या नव्या पितळी वस्तूंवर रसायनाचा हात मारून 'अँटिक फिनिश' देतात. त्यात फसवणूक नाही, तसे सांगून विकले तर. फसवणूक होते ती हीच वस्तू 'जुन्या वाड्यातली' म्हणून गळ्यात मारली जाते तेव्हा.

खरी झीज हात लागतो तिथे होते. कळशीचा काठ, अडकित्त्याच्या मुठी, समईचा मळा, परातीची खालची बाजू. जिथे कोणाचा हात कधी जाणार नाही अशा खोबणीत वस्तू गुळगुळीत आणि काठावर मात्र धारदार असेल, तर ती वापरलेली नाही. काळपटपणा सगळीकडे सारखा, रंग दिल्यासारखा असेल तरी संशय घ्यावा. जुन्या हंड्या-घंगाळांवर तांबटाच्या ठोक्यांच्या खुणा दिसतात. पत्र्याचे दोन भाग दाते पाडून एकमेकांत बसवलेला सांधा आतून हाताला लागतो. स्वयंपाकाच्या भांड्यात तळाशी, कोपऱ्यात कल्हईचा अंश राहिलेला असतो. आणि लोहचुंबक खिशात ठेवायला हरकत नाही. पितळ आणि तांबे त्याला चिकटत नाहीत, पितळी मुलामा दिलेले लोखंड चिकटते.

मराठी घरातल्या भांड्यांवर आणखी एक खूण असते, ती म्हणजे नाव. लग्नात आहेर आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे किंवा घेणारीचे नाव, कधी गाव आणि तारीखही घातलेली असे. छिन्नीने ठिपके पाडून कोरलेले अक्षर वेगळे आणि नंतरच्या मशीनचे सलग अक्षर वेगळे. खरेपणाचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. शहरातले काही ग्राहक मात्र 'नाव नसलेला पीस दाखवा' म्हणतात आणि विक्रेते नावे घासून काढतात. कोणाच्या तरी सासरी-माहेरची एकुलती एक नोंद अशी पुसली जाते, आणि पैशाच्या हिशेबातही वस्तूची किंमत कमीच होते.

जुन्या वस्तूला चिंच लावून किंवा पावडरने घासून आरशासारखे करण्याचा मोहही आवरावा. वर्षानुवर्षे चढलेला तो मंद तपकिरी थर हेच तिचे वय आहे. पूजेच्या भांड्यांची गोष्ट निराळी, ती लखलखीतच हवीत.

छापील चित्रांत फसवणूक अधिक सोपी. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे महाराष्ट्रातल्या असंख्य देवघरांत होती. आज बाजारात 'ओरिजिनल प्रेस प्रिंट' म्हणून मिळणारी चित्रे अनेकदा संगणकावरून काढलेल्या प्रती असतात. भिंगातून पाहिले तर जुन्या शिळाछापात रंगाचे कण ओबडधोबड, विस्कळीत दिसतात आणि आधुनिक छपाईत ठिपके नियमित ओळीत.

मालकीची साखळी एवढी महत्त्वाची का?

याचे उत्तर साताऱ्यातच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने भारतात आली आणि जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवण्यात आली. ती लंडनला गेली ग्रँट डफच्या घराण्याकडून. जेम्स ग्रँट डफ हा 1818 नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता. वाघनखांच्या पेटीवरील मजकूर ती शिवाजी महाराजांची असल्याचे सांगतो. अफजलखानाच्या वधावेळी हीच वापरली होती का, याची खात्री करता येत नाही, असे मात्र ते संग्रहालय स्वतःच म्हणते. डफपर्यंतची साखळी सापडते, त्याआधीची कडी हातात नाही.

एवढ्या प्रसिद्ध वस्तूची ही कथा, तर ऑनलाइन जाहिरातीतल्या 'पेशवेकालीन' समईवर कितपत विश्वास ठेवायचा? दुकानदाराला एकच विचारावे : ही कोणाच्या घरातून आली? 'एका जुन्या घराण्यातून' हे उत्तर नव्हे.

कायदा कोणत्या वस्तूंना लागू होतो?

पुरातन वस्तू व कला खजिना कायदा 1972चा, अंमलात आला 1976 मध्ये. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू आणि 75 वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते 'पुरातन वस्तू' ठरतात. अशी वस्तू घरात असणे गुन्हा नाही. पण दगड, धातू, हस्तिदंत, माती, लाकूड यांतील शिल्पे, चित्रे आणि चित्रमय हस्तलिखिते असतील तर त्यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते आणि विकली किंवा दिली तर तेही कळवावे लागते. व्यापार करायचा तर परवाना लागतो. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. नेल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे पणजोबांच्या काळापासून देवघरात असलेली पंचधातूची मूर्तीही कागदोपत्री या कायद्याच्या कक्षेत येते. किती घरांनी अशी नोंद केली असेल, हा प्रश्न न विचारलेला बरा. रोजच्या वापराची भांडी या नोंदणीच्या यादीत नाहीत. ती शंभरी ओलांडलेली असतील तर परदेशी नेण्याची बंदी मात्र लागू होते.

खरी जोखीम असते ती देवळातून आलेल्या वस्तूंत. ग्रामीण भागातली अनेक मंदिरे रात्री राखणीविना असतात. मुखवटे, प्रभावळी, घंटा, समया चोरीला जातात आणि चार हात फिरून सजावटीच्या बाजारात येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317नुसार, वस्तू चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही ती घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घंटेवर देवाचे, गावाचे किंवा अर्पण करणाऱ्याचे नाव असेल, तर 'मला काय माहीत' हा बचाव टिकणे कठीण.

माण-खटावसह सातारा जिल्ह्यात गावोगावच्या पारांवर वीरगळ आणि सतीशिळा उघड्यावर पडलेल्या आहेत. फार्महाऊसच्या बागेत 'पारंपरिक लुक' म्हणून असा दगड आणून बसवण्याची हौस वाढते आहे. तो बेवारस नसतो. कोणा गावकऱ्याच्या मरणाची ती नोंद आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ती जागच्या जागीच उपयोगी पडते. विहीर खणताना किंवा नांगरताना नाणी, मूर्ती सापडल्या तर 1878चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये ही मर्यादा 1878चीच, ती कोणी वाढवलेली नाही!

फ्रेममधले 'इंद्रजाल' का टाळावे?

वास्तुदोष घालवणारी शोभेची वस्तू म्हणून काळ्या जाळीसारखी फांदी काचेच्या फ्रेममध्ये विकली जाते. ती वनस्पती नाही, समुद्रातील प्रवाळवर्गीय जीव आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 'हाथाजोडी' नावाचे मूळ म्हणून जे चांदीच्या डबीत ठेवले जाते, तो प्रत्यक्षात नर घोरपडीचा कापून वाळवलेला जननावयव असतो. दोन्ही बाळगणे गुन्हा आहे, शिक्षा तीन ते सात वर्षे. हस्तिदंताच्या देशांतर्गत व्यापारावरही बंदी आहे. जुन्या वाड्यातील सांबरशिंगे किंवा कातडी वारशाने आली असतील तर मालकीचा दाखला हवा, आणि दाखला असला तरी विक्री करता येत नाही. आपोआप गळलेली मोरपिसे मात्र घरात ठेवता येतात.

घोंगडी भिंतीवर गेली, माग का थांबले?

माणदेश हा अवर्षणाचा पट्टा. इथे शेतीइतकाच आधार मेंढीचा. दख्खनी मेंढीची काळी, तपकिरी, भरड लोकर वर्षातून दोनदा कातरायची, पिंजायची, घरातल्या बायकांनी चरख्यावर तिचे सूत कातायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्डा-मागावर सनगर विणकराने घोंगडी विणायची, अशी ही साखळी होती. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, बैठकीला खाली, आणि बिरोबा-सिद्धनाथाच्या पूजेलाही तीच. 'भिजत घोंगडे' हा शब्दप्रयोग आपण सरकारी कामांसाठी वापरतो, पण खरी भिजलेली घोंगडी वाळायला किती वेळ लागतो हे पाहिलेली माणसे आता कमी होत चालली आहेत.

साखळी दोन्ही टोकांनी तुटली. गिरणीची हलकी, मऊ, स्वस्त ब्लँकेटे आली. दुसरीकडे मेंढीच बदलली. मटणाला चांगला भाव मिळू लागल्यावर मेंढपाळ जत तालुक्यातील माडग्याळ जातीकडे वळले. माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, पण लोकर कमी. दख्खनी मेंढीच्या लोकरीला इतका कमी भाव मिळतो की कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही, म्हणून ती अनेकदा रानात टाकून दिली जाते. म्हणजे कच्चा माल फुकट जातो आहे, माग धूळ खातो आहे आणि शहरात 'हँडमेड वूल रग' शोधणारे गिऱ्हाईक आहे. या तिघांची गाठ पडत नाही, हा या धंद्याचा मूळ पेच आहे.

म्हसवडमध्ये ही गाठ घालण्याचा प्रयत्न झाला आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये इथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. महिला निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता, मग बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि परवाना मिळाला. याच संस्थेच्या मुंबईतील माणदेशी महोत्सवात घोंगडी विणणारे, मातीची भांडी करणारे कारागीर थेट ग्राहकासमोर बसतात. अनेक मुंबईकरांनी माग चालताना पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

खरी घोंगडी टोचते. हे वैगुण्य नाही, ओळख आहे. तिला मेंढीचा आणि खळीचा किंचित वास असतो, सूत एकसारखे नसते, रंग मेंढीचे असतात. गर्द निळी, गुलाबी, रेशमासारखी मऊ 'घोंगडी' कोणी दाखवली तर ती बहुधा अ‍ॅक्रिलिकची. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. हाताने कातलेल्या आणि हातमागावर विणलेल्या घोंगडीची किंमत काही हजारांत असते आणि ती तशी असायलाच हवी. पाच-सातशे रुपयांत मिळाली तर कोणाची तरी मजुरी बुडालेली आहे किंवा ती घोंगडी नाही.

भिंतीवर टांगायची तर उन्हाची भिंत टाळावी आणि खिळ्याला अडकवण्याऐवजी वरच्या कडेला कापडी पट्टी शिवून त्यातून काठी घालावी, नाहीतर वजनाने वीण ओढली जाते. टांगलेल्या लोकरीचा सर्वांत मोठा शत्रू कसर. वापरातल्या घोंगडीला ती सहसा लागत नाही, शोभेच्या घोंगडीला लागते. महिन्या-दोन महिन्यांनी झटकून ऊन दाखवावे, ठेवायची झाल्यास कडुनिंबाच्या पाल्यात ठेवावी.

फायदा कोणाचा?

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या, तेव्हा हा प्रश्न जगभर विचारला गेला. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले आणि तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सातारा आणि सांगली जिल्हेही येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आणि सावंतवाडीच्या गंजिफा व लाकडी खेळण्यांना 2024 मध्ये मानांकन मिळाले. अशी वस्तू घेताना विक्रेता नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे विचारता येते. मानांकनाने नावाचे संरक्षण होते, कारागिराला वाढीव भाव आपोआप मिळत नाही, हे प्राडा प्रकरणात पुरेसे दिसले.

जुन्या वस्तूच्या बाबतीत तर कारागीर केव्हाच निघून गेलेला असतो. नफा मोडीवाला, मधला व्यापारी आणि शोरूम यांत वाटला जातो. म्हणून दोन हजारांत जुने घंगाळ घ्यावे की नवी घोंगडी, असा प्रश्न असेल तर आमचे मत घोंगडीच्या बाजूने आहे. घंगाळ कोणाच्या तरी माळ्यावर टिकेल. पण घोंगडी विणणारा पुढच्या पिढीत नसेल.

जुन्या चांदीचे काय?

विटा, खानापूर, आटपाडी, माण भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी वितळवून शुद्ध करतात. जुने मोडून नवे करणे या मातीला नवे नाही. पण सध्याच्या भावात देवांचे जुने टाक, हातांनी ठोकलेले छल्ले, पैंजण झपाट्याने आटणीत जात आहेत. भट्टीत फक्त धातूचे वजन मोजले जाते, ठशाचे काम शून्य किमतीचे. विकण्याआधी निदान दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र आणि वजन नोंदवून ठेवावे. नवी चांदीची शोभेची वस्तू घेत असाल तर 1 सप्टेंबर 2025पासून चांदीवरही सहाअंकी एचयूआयडी हॉलमार्क मिळू लागला आहे. तो सध्या ऐच्छिक आहे, त्यामुळे मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही.

संग्रह करायचाच असेल तर?

म्हसवडहून फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या खटाव तालुक्यात औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, 1938 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी यांचा संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो ओळखला जातो. दोन्ही ठिकाणी एक दुपार घालवली तर खरे जुने काम कसे दिसते ते डोळ्यात बसते. केळकरांनी राजवाड्यांपेक्षा सामान्य घरातली वस्तू शोधली, ही गोष्ट नव्या संग्राहकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. सगळे थोडे थोडे जमवण्यापेक्षा एकच प्रकार, म्हणजे फक्त अडकित्ते किंवा फक्त दिवे जमवले, तर खर्चही आवाक्यात राहतो आणि नजरही तयार होते.

परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आजीची समई पाठवायची असेल, तर ती शंभर वर्षांहून जुनी नाही, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र घेता येते. ते नसेल आणि विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आली, तर समई तिथेच राहते. अर्जासोबत छायाचित्रे द्यावी लागतात, तज्ज्ञ वस्तू पाहतात. यात्रा आटोपून परतीच्या आदल्या दिवशी हे काम होत नाही.